कात्रणांचे चेनचे पाऊच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लाउज, कुर्ता, परकर शिवून झाला की हातभर कात्रणं उरतात. टाकवत नाहीत, आणि ठेवली तर कपाट भरतं. या कात्रणांचे तुकडे जोडून चेनचे पाऊच शिवायला घेणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक जणींना भीती चेनची वाटते. खरं तर पाऊच बिघडतो तो आधीच, चुकीची कापडं शेजारी बसवल्यामुळे आणि इस्त्रीचा कंटाळा केल्यामुळे. म्हणून सुरुवात कापडापासून करू.

कुठलं कापड वापरावं?

सुती. पॉपलीन, टू बाय टू रुबिया, कलमकारी, बाटिक, जुन्या शर्टाचं कापड, हातमागाचं जाडसर सूत, काहीही चालतं. अट एकच, शेजारी येणारे तुकडे साधारण एकाच वजनाचे हवेत. रुबियाच्या तुकड्याला जीन्सचा तुकडा जोडला की जाड कापड पातळ कापडाला ओढतं आणि शिवणीजवळ चुण्या पडतात. कितीही इस्त्री केली तरी त्या जात नाहीत.

म्हणून शिवायला बसण्यापूर्वी कात्रणांचे ढीग करा. रंगानुसार नाही, जाडीनुसार. बोटांत धरून चोळलं की जाडी लगेच कळते. पातळ कापड फारच आवडलं असेल तर त्याच्या मागे फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) लावून त्याला शेजाऱ्याच्या वजनाचं करून घ्या.

जॉर्जेट, शिफॉन, होजिअरी आणि लेगिंगचं ताणणारं कापड पहिल्या पाऊचला घेऊ नका. हात बसल्यावर बघू.

कापड सुती आहे की सिंथेटिक, कसं ओळखायचं?

चार दोरे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत किंवा स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून गोळा होतो आणि गार झाल्यावर टणक लागतो. मिश्र कापडात राखही मिळते आणि कण्याही. ही परीक्षा इस्त्रीसाठी महत्त्वाची, कारण सुताच्या तापमानावर पॉलिएस्टरचा तुकडा इस्त्रीला चिकटतो.

कात्रणं आधी धुवावीत का? मिठाच्या पाण्यात भिजवली तर रंग पक्का होतो ना?

धुवाच. नवं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. एक तुकडा आटलेला आणि शेजारचा न आटलेला असेल, तर पाऊच पहिल्याच धुण्यात वाकडा होतो. कात्रणं जाळीच्या पिशवीत घालून धुवा, नाहीतर दोऱ्यांचं जंजाळ होईल.

मीठ रंगवताना कामाला येतं. रंग धाग्यात शिरायला त्याची मदत होते. एकदा रंगवून बाजारात आलेल्या कापडाचा कच्चा रंग मात्र मिठाने पक्का होत नाही. लाल, मरून, गडद निळा असे तुकडे वेगळे काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचे, एवढाच उपाय. ओला तुकडा पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. डाग उमटला तर तो तुकडा पांढऱ्याशेजारी लावू नका. नीळ वापरून रंगवलेलं कापड धुतल्यावरही घासून थोडा रंग सोडतं, त्याला गडद शेजार द्यावा.

खणाच्या आणि पैठणीच्या काठाच्या तुकड्यांचं काय करायचं?

जरूर वापरा, पाऊचला सगळ्यात शोभा तेच आणतात. पण दोन्हीची नाटकं वेगळी आहेत.

खण मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, आणि आपल्याकडे चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्याची वीण अशी की कापल्यावर कडेचे दोरे भराभर सुटतात. म्हणून खण आधी कापायचा नाही. आधी त्याच्या उलट बाजूला पातळ कापडी फ्यूजिंग चिकटवायचं, गार होऊ द्यायचं आणि मग मापाने कापायचं. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पाव इंचाऐवजी अर्धा इंच ठेवली तर आणखी बरं. बाजारात खण म्हणून मिळणारं बरंच कापड हल्ली सिंथेटिक मिश्रणाचं असतं, तेव्हा इस्त्री आधी कोपऱ्यावर लावून बघा.

जरीच्या काठावर इस्त्री थेट फिरवू नका. वर सुती रुमाल टाका आणि उलट बाजूने दाबा. हल्लीची बरीचशी जर प्लास्टिकच्या धाग्याची असते, ती उष्णतेने आक्रसते. काठ पाऊचच्या मधोमध आडवा घ्यावा, कोपऱ्यात नको. कोपऱ्यात त्याची जाडी उलटताना त्रास देते, आणि बारकाईने विणलेला मोर शिवणीत गेला तर वाईट वाटतं.

किती लहान तुकडा उपयोगी पडतो?

चौकोनी जोडकामाला 2½ इंचांचा चौकोन सोयीचा. चारही बाजूंनी पाव इंच माया गेली की 2 इंच दिसतो. दीड इंचाचा चौकोनही चालतो, पण मग दिसणारा भाग एक इंचच उरतो आणि मागे मायेचीच गर्दी होते.

त्याहून लहान किंवा वेड्यावाकड्या तुकड्यांसाठी पायाच्या कापडावर शिवायची पद्धत आहे, तिची माहिती पुढे दिली आहे.

पहिल्या पाऊचचं माप सांगा.

आडवे 4 आणि उभे 3 चौकोन, म्हणजे एका बाजूला 12 आणि दोन्ही बाजूंना मिळून 24 चौकोन, प्रत्येक 2½ इंचांचा. जोडल्यावर एक बाजू 8½ × 6½ इंच भरते. अस्तराचे दोन तुकडे याच मापाचे. तयार पाऊच 8 × 6 इंचांचा होतो. त्यात चश्म्याचं घर, औषधाच्या पट्ट्या, चार्जर किंवा क्रोशाच्या सुया आरामात मावतात.

चौकोन जोडताना आधी आडव्या ओळी शिवा. पहिल्या ओळीच्या माया सगळ्या डावीकडे दाबा, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या पुन्हा डावीकडे. ओळी एकमेकींवर ठेवल्या की उलट दिशेच्या माया आपोआप खाचेत बसतात आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. टाचणी या खाचेतच टोचा. टाका 2 ते 2½ मिलिमीटरचा ठेवा.

एक पट्टी पुठ्ठ्याची कापून तिच्यावर पाव इंचाची रेघ मारा आणि ती मशीनच्या पायाजवळ चिकटवून ठेवा. प्रत्येक शिवणीत दोऱ्याएवढा फरक पडला तरी चार चौकोनांच्या ओळीत तो सहज दिसण्याइतका वाढतो.

इस्त्री प्रत्येक शिवणीनंतर करायलाच हवी?

हो, आणि ती फिरवायची नाही, ठेवून उचलायची. शर्टाला करतो तशी घासली की तिरके कापलेले तुकडे ताणले जातात. ब्लाउजची कात्रणं मुंढ्याची आणि गळ्याची असतात, म्हणजे जवळजवळ सगळी तिरकी. आधी शिवण जशी आहे तशी बंद ठेवून दाबा, मग उघडून माया एका बाजूला दाबा, चौकोनांच्या ओळींत वर सांगितलेल्या दिशेला आणि बाकी ठिकाणी गडद तुकड्याच्या बाजूला. फिकट कापडाखाली गडद माया गेली तर ती वरून सावलीसारखी दिसते.

इस्त्रीचा हा वेळ ज्यांनी वाचवला, त्यांचे पाऊच शेजारी ठेवले की ओळखू येतात.

मुंढ्याची, गळ्याची वेडीवाकडी कात्रणं कशी जोडायची?

ही पद्धत मला सगळ्यांत आवडते, कारण यात काहीच वाया जात नाही आणि मोजमापही जवळजवळ लागत नाही.

मांजरपाट किंवा जुन्या पातळ चादरीचा तुकडा घ्या, हव्या त्या मापापेक्षा सगळीकडून एक इंच मोठा. हा पाया. एक कात्रण मधोमध सुलट ठेवा. दुसरं त्याच्यावर पालथं ठेवा, एक कड जुळवा, त्या कडेने टीप मारा. आता दुसरं कात्रण उलगडून सुलट करा आणि इस्त्रीने दाबा. जादा माया कापा. तिसरं कात्रण आता पहिल्या दोघांच्या मिळून झालेल्या कडेला पालथं ठेवायचं, पुन्हा टीप, पुन्हा उलगडणं. असं गोल फिरत पाया भरेपर्यंत. शेवटी पालथं घालून पायाच्या कडेने माप घेऊन कापायचं.

कात्रण तिरकं असलं तरी पाया सरळ धाग्याचा असतो, म्हणून कापड ताणलं जात नाही. फार निमुळतं टोक असेल तर ते शिवणीखाली झाकून टाका. मध्यभागी गडद आणि कडेला फिकट किंवा याच्या उलट असं ठरवून गेलात तर विस्कळीत वाटत नाही. एक रंग सगळीकडे थोडा थोडा आला की पुरतं.

गोधडीसारखे धावदोऱ्याचे टाके घातले तर?

फार छान दिसतं, आणि पाऊचला अंगही येतं. जोडलेल्या कापडाखाली जुन्या धोतराचा किंवा मऊ साडीचा एक थर घ्या आणि समांतर धावदोरा घाला. टाके घातल्यावर कापड थोडं आक्रसतं, तेव्हा जोडकाम प्रत्येक बाजूने अर्धा इंच मोठं करून टाके घाला आणि मगच मापाला कापा. आधी मापात कापलं तर चेनच्या वेळी बाजू अस्तराशी जुळणार नाही.

उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी (गोधड्या) पाहायला मिळाल्या तर जरूर पाहा. त्या बाहेरच्या कडेपासून आत आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. तसा एखादा त्रिकोण पाऊचच्या बाजूच्या शिवणीत अडकवला तर उघडताना धरायलाही होतो.

चेन कोणती मागायची?

नायलॉनची, 3 नंबर किंवा 5 नंबर. नंबर म्हणजे बंद चेनच्या दात्यांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. लहान पाऊचला 3 नंबर पुरते, रोज उघडझाप होणाऱ्या किंवा जाड कापडाच्या पाऊचला 5 नंबर. धातूची चेन सुरुवातीला टाळा. ती मधेच कापता येत नाही आणि मशीनची सुई दात्यावर पडली की तुटते. ड्रेसच्या पाठीला लावतात ती लपणारी चेन पाऊचला नको.

मीटरवर मिळणारी रोलची चेन आणि सुटे रनर (चेन उघडझाप करणारी सरकती कळ) घेतले तर स्वस्त पडतं आणि हवी तेवढी लांबी कापता येते. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि तुळशीबागेत, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात असा माल मिळतो. आपल्या गावातल्या बॅग दुरुस्त करणाऱ्याकडेही विचारा, त्याच्याकडे रनर असतातच.

रोलच्या चेनला रनर घालता येत नाही.

रनरच्या एका तोंडाला दोन भोकं असतात आणि दुसऱ्याला एक. चेनच्या टोकाचे दाते अर्धा इंच उलगडा आणि दोन्ही पट्ट्या दोन भोकांत एकाच वेळी, सारख्या अंतराने सरकवा. मग रनर हळू ओढा, मागच्या एका भोकातून चेन जुळून बाहेर येते. हात कमी पडत असतील तर जेवणाचा काटा टेबलावर ओझ्याखाली दाबून धरा, रनर त्याच्या दात्यांत अडकवा आणि दोन्ही हातांनी चेन ओढा. एक पट्टी पुढे आणि एक मागे राहिली तर काढून पुन्हा घाला. तसंच रेटलं की पाऊच बंद होताना फुगवटा येतो.

चेन जोडायचा क्रम एकदा नीट सांगा.

आधी दोन्ही टोकांना कापडी टोपी घाला. वरच्या 8½ इंचांच्या पाऊचला चेन 7½ इंचांवर कापा. चेनच्या पट्टीएवढा रुंद आणि 2 इंच लांब कापडाचा तुकडा दुमडून एक इंचाचा करा, त्याची दुमडलेली कड चेनच्या टोकावर पाव इंच येईल अशी ठेवून टीप मारा. दुसऱ्या टोकालाही तसंच. आता एकूण लांबी 9 इंच होते, ती दोन्हीकडून सारखी कापून 8½ करा. या टोप्यांमुळे बाजूच्या शिवणीत दाते येत नाहीत आणि कोपरे नीट निघतात. रनर मात्र कापण्यापूर्वी चेनच्या मध्यात आणून ठेवा, नाहीतर तो हातात येईल.

मग थर लावा. सगळ्यांत खाली अस्तर, सुलट बाजू वर. त्यावर चेन, सुलट बाजू वर, कड अस्तराच्या कडेला लावून. त्यावर जोडकामाचं कापड पालथं. तिन्ही कडा जुळवून टाचा आणि चेनच्या पायाने टीप मारा. हा एका बाजूचा पाय शिलाई मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात 'सिंगल फूट' म्हणून मागितला की मिळतो.

शिवताना रनर आडवा येणारच. त्याच्याजवळ पोचलात की सुई कापडात खाली ठेवा, पाय उचला, रनर मागे सरकवा, पाय टाका आणि पुढे चला. रनरला वळसा घालून शिवलं की तिथे शिवण वाकडी दिसते.

आता अस्तर आणि बाहेरचं कापड चेनपासून दूर उलगडा, इस्त्री करा. इस्त्री दात्यांवर नको, नायलॉन वितळतं. वरून चेनच्या कडेला 3 मिलिमीटरच्या टाक्याने एक टीप मारा, म्हणजे अस्तर चेनमध्ये अडकणार नाही. दुसरी बाजूही याच क्रमाने.

शेवटची शिवण घालण्यापूर्वी चेन अर्धी उघडी करा. बंद राहिली तर पाऊच उलटायला वाटच उरत नाही. बाहेरची कापडं एकमेकींवर आणि अस्तरं एकमेकांवर, सुलट बाजू आत ठेवून टाचा. चेनची टोकं दोन्हीकडे अस्तराच्या दिशेला वळवा. अस्तराच्या तळाशी 4 इंच जागा सोडून चहूबाजूंनी शिवा. कोपऱ्याची माया तिरकी कापा, टाका सोडून. त्या जागेतून पाऊच उलटा, कोपरे बोथट पेन्सिलीने हलके बाहेर काढा, अस्तराची फट हाताने बंद करा.

तळ सपाट आणि उभा राहणारा हवा असेल तर?

शिवण्यापूर्वी चारही कापडांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून एक इंचाचा चौकोन कापा. बाजू आणि तळ शिवून झाल्यावर प्रत्येक कोपऱ्यात बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणा आणि ती खाच आडवी पाव इंचावर शिवा. तळ 2 इंच रुंद होतो, पाऊचची उंची 5 इंचांवर येते आणि तळाची लांबी 6 इंच. उंची कमी होते हे धरूनच आधीचं माप घ्या.

चेन शिवल्यावर नागमोडी झाली. का?

शिवताना चेन ताणली गेली किंवा बाहेरचं कापड तिरकं होतं. चेनला हाताने ओढायचं नाही, ती मशीनला जाऊ द्यायची. टाका 3 मिलिमीटर करा, पायाचा दाब कमी करता येत असेल तर करा. जोडकामाच्या वरच्या कडेला आधीच एक इंच रुंद फ्यूजिंगची पट्टी लावली तर हा त्रास जवळजवळ संपतो.

फ्यूजिंग कोणतं आणि कसं लावायचं?

कापडासारखं विणलेलं फ्यूजिंग घ्या. कागदी फ्यूजिंग धुतल्यावर सुरकुततं. ज्या बाजूला बारीक चकाकणारे ठिपके दिसतात ती बाजू कापडाच्या उलट बाजूवर ठेवायची आणि वरून ओलसर रुमाल ठेवून दाबायचं. पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका, नाहीतर कडा सुटतात. चिकटणारी बाजू चुकून इस्त्रीला लागली तर इस्त्री खराब होते, तेव्हा खात्री करूनच ठेवा.

मशीनची सुई कोणती?

पॉपलीन-रुबियाला 11 किंवा 14 नंबर, जाड जोडकामाला आणि फ्यूजिंग लावलेल्या कापडाला 14, जीन्स असेल तर 16. टाके सुटत असतील तर मशीनला दोष देण्यापूर्वी सुई बदलून बघा.

मशीन नाही. हाताने होईल का?

होईल, आणि टिकेलही. जोडकामाला धावदोरा चालतो, पण चेन आणि बाजूच्या शिवणीला मागे येऊन पुढे जाणारी उलटी टीपच हवी. दुहेरी दोरा घ्या. त्याला मेण लावलं की गुंता होत नाही. चेन आधी कच्च्या धावदोऱ्याने बसवून घ्या. टाचण्यांवर भरवसा ठेवून हाताने शिवताना ती सरकते.

संक्रांतीच्या वाणासाठी बरेच पाऊच हवे आहेत. एकेक शिवत बसायचं का?

नाही. 24 पाऊच धरू. पायाच्या कापडाच्या पद्धतीने 20 × 16 इंचांची तीन मोठी जोडलेली कापडं तयार करा. प्रत्येकातून 5 × 4 इंचांचे 16 तुकडे निघतात, म्हणजे 8 पाऊच. अस्तराचेही तेवढेच तुकडे लागतील. रोलची चेन साडेपाच इंचांवर कापली तर एका मीटरमधून 7 तुकडे मिळतात, म्हणजे 4 मीटर आणि 24 रनर. एवढ्या लहान पाऊचला टोप्या नसल्या तरी चालतं, नायलॉनच्या दात्यांवरून मशीन हाताने चाक फिरवत हळू न्या. तयार पाऊच साडेचार बाय साडेतीन इंचांचा होतो. एटीएम कार्ड 8.56 × 5.4 सेंटिमीटरचं असतं, ते आणि सुट्टे पैसे त्यात नीट बसतात.

कामं टप्प्यांनी करा. एक दिवस फक्त कापणं, एक दिवस सगळ्या चेनची पहिली बाजू, एक दिवस दुसरी. तुकडे मशीनखालून एकामागून एक, दोरा न तोडता घाला आणि शेवटी कापून सुटे करा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं हे खरं, पण बोलावणी संक्रांतीपासूनच सुरू होतात. मार्गशीर्षात हात घातला तर धांदल होत नाही. काळ्या कापडावर लहान रंगीत तुकडे घेतलेत तर सणाला साजेसे दिसतील.

विकायचे झाले तर किंमत काय लावावी?

कापड कात्रणाचं आहे म्हणून फुकट धरू नका. चेन, रनर, फ्यूजिंग, अस्तर, दोरा यांचा खर्च काढा. मग कात्रणं निवडणं, धुणं, इस्त्री, कापणं आणि शिवणं यांचे तास मोजा. जोडकामात निम्म्याहून जास्त वेळ शिवण्यापूर्वीच्या कामात जातो, आणि तोच वेळ बायका मोजत नाहीत. गावातल्या शिंप्याच्या मजुरीपेक्षा कमी दर स्वतःला लावू नका. प्रदर्शनात 'कात्रणाचंच तर आहे' असं कोणी म्हटलं तर पाऊच उलटून आतली शिवण दाखवा. ज्याला कळतं तो घासाघीस करत नाही.

बचत गटातून शिवत असाल तर एक माप आणि एक अस्तर सगळ्यांनी ठरवा. बाहेरचं जोडकाम प्रत्येकीचं वेगळं असू द्या.

मी परदेशात आहे. इथल्या दुकानात 'फॅट क्वार्टर' म्हणतात ते काय?

एक यार्ड कापडाचा चौथा भाग, पण लांबट पट्टी न काढता चौकोनी कापलेला, साधारण 18 × 22 इंच. एवढ्यात वरच्या पाऊचचं अस्तर निघतं आणि काही चौकोनही. 5 इंचांचे तयार चौकोनही मिळतात, त्यातल्या एकाचे अडीच इंचांचे चार होतात. हे कापड घट्ट विणीचं सुती असतं. घरून आणलेल्या साडीचे मऊ तुकडे त्याच्याशी जोडायचे असतील तर साडीमागे फ्यूजिंग लावून घ्या.

पाऊच धुवायचा कसा? चेन जड झाली तर?

चेन उघडी ठेवून, उलटा करून, गार पाण्यात हाताने. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. चेन जड वाटली तर दात्यांवर पांढरी मेणबत्ती किंवा साबणाची कोरडी वडी दोन-तीनदा घासा आणि रनर पुढे-मागे करा. धातूच्या चेनला शिसपेन्सिल चालते, पण फिकट कापडाशेजारी ती वापरू नका, काळा डाग पडतो.